दिलेले दिसावे लागते

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सासऱ्यांना कायमचे घरी आणायला तू संमती दिलीस, त्यांच्यासाठी स्वतःची अभ्यासाची खोली रिकामी केलीस, आणि एवढे करूनही तुझ्यात नि वहिनींमध्ये अबोलाच वाढला, हे वाचून मन अस्वस्थ झाले. आमच्या यहुदी धर्मात याविषयी काही सांगितले आहे का, असे तू विचारलेस, म्हणून लहानपणापासून जे ऐकत-वाचत आलो ते सविस्तर लिहितो.

आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांना, तिथे ‘शनवार तेली’ म्हणत, हे तुला ठाऊक आहे. तेल गाळून पोट भरणारा माणूस शनिवारी घाणा बंद ठेवी, तेव्हा त्या दिवसाची कमाई साऱ्या घराची बुडे, आणि ती बुडाली हे घरातल्या पोरासोरांनाही कळे. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आमची घरे इतकी जवळ येतात, त्यामागे हे सर्वांनी मिळून सोसणेही असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे. तालमूद या आमच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात तर असे सांगितले आहे की, हनुक्का या सणाच्या दिव्याला आणि शब्बाथच्या घरातल्या दिव्याला मिळून पैसे पुरत नसतील, तर आधी घरातला दिवा लावावा, कारण घरातली शांतता त्यावर अवलंबून असते. सणाचा दिवा चमत्काराच्या स्मरणाचा असूनही त्याने मागे सरायचे, हा निर्णय मला फार मोठा वाटतो.

पण तुझा प्रश्न याच्या पुढचा आहे. तू दिलेस, आणि तरीही अंतर पडले. यावर मला तालमूदमधली रब्बी (धर्मगुरू) अकिवांची कथा आठवते. ते कल्बा सावुआ नावाच्या धनिकाचे मेंढपाळ होते. त्या धनिकाच्या मुलीने बापाच्या इच्छेविरुद्ध त्यांच्याशी लग्न केले, तेव्हा बापाने तिला संपत्तीतून बेदखल केले. हिवाळ्यात नवराबायको गवताच्या काड्यांवर निजत आणि सकाळी अकिवा तिच्या केसांतल्या काड्या वेचून काढत. आपला एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, ज्याच्या नावाने आम्ही मलिदा करतो, तो एकदा गरिबाच्या वेषात त्यांच्या दारी आला आणि बाळंतिणीसाठी मूठभर गवत मागू लागला. आपल्याहूनही गरीब कोणी आहे, असे त्या दोघांना त्या दिवशी कळले. पुढे तिच्याच आग्रहाने अकिवा विद्या शिकायला गेले आणि बारा अधिक बारा वर्षांनी, हजारो शिष्यांसह परतले. जुनेर नेसलेली ती बाई गर्दीतून पुढे येऊ लागली, तेव्हा शिष्यांनी तिला अडवले. अकिवा म्हणाले, तिला येऊ द्या, माझे आणि तुमचे जे काही आहे ते तिचेच आहे. एवढ्या समुदायासमोर तिच्या चोवीस वर्षांचा हिशेब त्यांनी उघड मांडला. त्या वर्षांमुळे दोघे दुरावले नाहीत याचे कारण मला या एका वाक्यात दिसते.

हे लिहिताना तालमूदमध्ये या कथेच्या शेजारीच असलेली दुसरी गोष्ट मला टाळता येत नाही. रव रहुमी नावाचे विद्वान वर्षभर गुरूपाशी महोझा गावी राहत आणि फक्त योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या दिवशी घरी येत. एका वर्षी ते अभ्यासात गढून गेले. बायको वाट पाहत राहिली, आता येतील, आता येतील. ते आले नाहीत आणि तिच्या डोळ्यांतून एक अश्रू ओघळला. त्याच क्षणी ते ज्या छतावर बसले होते ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. दोन्ही बायकांनी सोसले होते; एकीचे सोसणे नवऱ्याच्या ध्यानात होते आणि दुसरीचे त्याच्या ध्यानातून निसटले. ज्यांनी या कथा शेजारी ठेवल्या, त्यांना विद्येचे मोल कमी वाटत नव्हते, म्हणून त्यांचा हा कठोरपणा मला अधिक खरा वाटतो.

तडजोडीविषयी आमच्या आचार्यांमध्येही मतभेद होते. न्यायाधीशाने तडजोड घडवूच नये, निवाडा डोंगर फोडून जावा, असे एक मत. आणि तडजोड घडवणे हे पुण्यकर्म आहे, असे रब्बी यहोशुआ बेन कोर्हा यांचे मत. दाराच्या चौकटीवर धर्मवचनांची जी मेझुझा लावतात, तिच्याबद्दलही असेच झाले. भाष्यकार राशी म्हणाले ती उभी लावावी, त्यांचे नातू रब्बेनू ताम म्हणाले आडवी लावावी, आणि युरोपातल्या बऱ्याच यहुद्यांनी ती तिरपी लावायला सुरुवात केली. घरात शिरताना ज्याला हात लावून चुंबन घ्यायचे, तेच मुळी दोघांचे मत राखून बसवलेले आहे, हे मला फार आवडते.

आता माझ्या आईवडिलांचे सांगतो. बाबांना इस्राएलला जायचे होते. आजी अंथरुणाला खिळलेली असल्याने आईला जाणे शक्य नव्हते. बाबा थांबले. इस्राएलमधल्या दिमोनाहून काकांची निळी, पातळ पत्रे येत, ती ते स्वयंपाकघरात आईला वाचून दाखवत, नव्या घराचे वर्णन आले तरी एक ओळ गाळत नसत. आणि मग आईने, जिला जायचे नव्हते, त्यांच्याचकडून हिब्रू अक्षरे गिरवायला घेतली. पुढे त्या दोघांचे जाणे झालेच नाही. परंतु बाबांनी काय सोडले ते आईने प्रत्येक पत्रासोबत ऐकले होते, आणि आपण ऐकले आहे हे तिने त्यांना कळू दिले होते.

म्हणून तुला आग्रहाने सांगतो, ती खोली तुला किती प्रिय होती हे वहिनींना सांग. उपकार म्हणून सांगू नकोस, पण गप्पही राहू नकोस. आणि त्याआधी त्यांना विचार, वडिलांना घरी आणायचे म्हणताना त्यांच्या मनावर काय ओझे होते, कारण तुझ्या पत्रात तुझेच सगळे आहे, त्यांचे काहीच नाही. पुस्तकांची कपाटे बैठकीत हलवायची असतील तर मी रविवारी येईन.

सासरेबुवांना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
बालमित्र