फिक्सर वेगळा ठेवा, मगच पेरॉक्साइड ओता

महोदय,

खानदेशात जिथे अजून ओल्या फिल्मवर एक्स-रे धुतले जातात किंवा कलर लॅबमध्ये फोटो छापले जातात, तिथल्या सांडपाण्याबद्दल हे पत्र. डेव्हलपर (चित्र उमटवणारे द्रावण) आणि फिक्सर (ते पक्के करणारे द्रावण) एकाच पिंपात जमवून, विष मोडायला त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले, की पैसा वाया जातो आणि विष तसेच राहते.

कारण फिक्सरमधले थायोसल्फेट. त्याचा एक ग्रॅम सुमारे १.२ ग्रॅम पेरॉक्साइड खातो. डेव्हलपरमधल्या हायड्रोक्विनोन, मेटॉल या विषारी रसायनांच्या वाट्याला मग फारसे उरत नाही. त्यात आम्ल पडले की पाणी दुधाळ होते, गंधक सुटतो, वर घसा धरणारा सल्फर डायऑक्साइड. म्हणून फिक्सरचे कॅन वेगळेच हवेत. त्यातली चांदीही काढता येते. कलर लॅबचे ब्लीच-फिक्सही यात नको. त्यातले ईडीटीए हे धातू पकडणारे रसायन लोखंडाला धरून ठेवते, चुन्याने खाली बसू देत नाही.

डेव्हलपरच्या धुवणाचा सीओडी (पाण्यातली घाण मोडायला लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) लिटरला ५,००० मिलिग्रॅम धरला, तर १०० लिटरला ५० टक्क्यांचे पेरॉक्साइड सुमारे पावणेदोन लिटर आणि हिराकस (फेरस सल्फेट, याच्या लोखंडाने पेरॉक्साइडला जोर येतो) अर्धा किलो लागेल. प्लॅस्टिकचे पिंप, उघडी हवा, हातमोजे, चष्मा. आधी सल्फ्युरिक ॲसिड थेंबाथेंबाने घालून सामू (पीएच) ३ वर आणा. डेव्हलपरमधल्या सल्फाइटचाही वायू सुटतो, तेव्हा घाई नको. मग हिराकस विरघळवा. पेरॉक्साइड मात्र दोन तासांत, थोडे थोडे. एकदम ओतले तर पाणी तापते, फसफसते आणि पेरॉक्साइड नुसता ऑक्सिजन होऊन उडून जाते.

मध्येच पाणी गडद तपकिरी होते. इथेच बरेच फसतात. तो क्विनोन, म्हणजे अर्धवट मोडलेला हायड्रोक्विनोन; जलचरांना तोही विषारी. रंग फिका पिवळा होईपर्यंत थांबायचेच. नंतर चुन्याने सामू ८ ते ९ करा, गाळ रात्रभर बसू द्या. गाळ उकिरड्यावर नको. सीओडी तपासण्याआधी उरलेले पेरॉक्साइड सोडियम बायसल्फाइटने मारा, नाहीतर आकडा खोटाच चढा दिसतो.

ब्लीचिंग पावडर मात्र कधीच नको: फिक्सरच्या अमोनियाशी क्लोरामाइन, आम्लाशी क्लोरीन.

एवढ्यानेही सीओडी नदीत सोडण्याच्या, लिटरला २५० मिलिग्रॅमच्या मर्यादेत येईलच असे नाही. निवळलेले पाणी पांझरेत, गिरणेत नव्हे, जैविक प्रक्रियेच्या टाकीतच जावे. आणि दिवसाला पाच-दहा लिटर काढणाऱ्या छोट्या केंद्रांसाठी धुळे-जळगावच्या पालिकांनी दोन वेगळ्या कॅनांची आठवड्याची गाडी सुरू करावी.

– रसायनशास्त्राचा एक शिक्षक, धुळे