गाडी उंच करण्याआधी

परतवाडा, जि. अमरावती
दि. 9 नोव्हेंबर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र मिळाले. जुनी व्ही-क्रॉस, इसुझूची पिकअप गाडी, घेतलीस हे वाचून फार आनंद झाला. ती चार इंच उंच करून तिला चिखलाचे टायर, लोखंडी बंपर आणि विंच (फसलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) लावण्याचा तुझा बेत मात्र मला पटला नाही. हीच गाडी रोज दर्यापूरला जाणार, मुलांना शाळेत सोडणार, काकाजींना अमरावतीच्या दवाखान्यात नेणार आणि सवड मिळाली की आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांत उतरणार. तेव्हा तिचे बहुतेक आयुष्य डांबरावरच जाणार आहे, हे धरूनच खर्च कर.

उंचीचे आधी सांगतो. वाटेतला दगड बहुधा आपटतो तो मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या, डब्यावर, आणि तो डबा आखाबरोबर चाकांच्याच आधारावर असतो. बंडीची साटी उंच केली म्हणून तिचा आख वर जात नाही, तसेच हे आहे. स्प्रिंगखाली स्पेसर (जाड चकती) घालून चेसिस उचलली जाते आणि नाल्याच्या काठावर नाक घासत नाही, हा फायदा खरा. पण डबा वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. तुझ्या गाडीवर 245/70 आर 16 टायर आहेत असे तू लिहिले आहेस. त्यांच्या जागी 265/70 आर 16 घेतले तर चाकाचा व्यास सुमारे 28 मिलिमीटरने वाढतो आणि डबा त्याच्या निम्मा, म्हणजे 14 मिलिमीटर, वर जातो. त्याची किंमतही मोजावी लागते : स्पीडोमीटर जवळजवळ पावणेचार टक्के कमी वेग दाखवू लागतो, गाडी उचल घेताना थोडी जड वाटते आणि ब्रेकवरचा ताण वाढतो. टायर बसवल्यावर स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, मडगार्डला कुठे घासत नाही ना, हे दुकानातच बघून घे. स्टेपनीही त्याच मापाची घे, कारण वेगळ्या व्यासाचे चाक लावून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन, चालवले की सारा ताण गिअरांवर येतो.

पुढच्या बाजूला चाळीस मिलिमीटरच्या आसपास उचल पुरे आहे. त्यापुढे गेलास तर पुढची चाके फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याचे रबरी बूट लवकर फाटते आणि एकदा आत धूळ गेली की सांधा टकटक वाजू लागतो. उचल केल्यावर व्हील अलाइनमेंट करून घेणे आणि हेडलाइट खाली वळवणे विसरू नकोस. मागच्या पाट्यांत जादा पाटा मात्र घालू नकोस, कारण संत्र्यांचे क्रेट भरलेले असताना तो उपयोगी वाटतो, पण डाला (मागचा सामानाचा हौदा) रिकामा असला की मागची बाजू प्रत्येक खड्ड्यात उडते आणि पाठीमागे बसणारे काकाजीच असतात. त्याऐवजी चांगले शॉकअप घे. माझ्या मते सगळ्या खर्चात हाच खर्च रोज वसूल होतो.

टायर ऑल-टेरेनच (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) घे. चिखलाचे टायर डांबरावर घोंघावतात आणि ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी असते. तुमच्या खारपाणपट्ट्यातली काळी माती भर श्रावणात कोणत्याही नक्षीत बसून चाकाचा गुळगुळीत गोळा करते; तेथे ट्रॅक्टर फसतात, तेव्हा गाडी पक्क्या रस्त्यावर ठेवून वावरात पायी जाणेच शहाणपणाचे. दगडांत आणि रेतीत मात्र हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवली की फरक लगेच जाणवतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप गाडीतच ठेव आणि डांबर लागण्याआधी हवा पुन्हा भर, नाहीतर टायरच्या भिंती तापून फाटतात.

स्नॉर्केलबद्दल, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणाऱ्या नळीबद्दल, तू उत्साहाने लिहिले आहेस. त्याने इंजिनात पाणी जात नाही, एवढेच. तापलेले डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरवाटे, म्हणजे डब्याच्या हवेच्या छिद्रातून, पाणी ओढले जाते. नंतर बोल्ट काढला तर तेल ताकासारखे पांढुरके निघते. ब्रीदरला लांब नळी जोडून ती डाल्याच्या उंचीवर नेऊन बांध. हे काम अगदी स्वस्तात होते. पाणी वाहत असलेल्या रपट्यावर (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर) मात्र नळीचा उपयोग नाही, स्नॉर्केलचाही नाही.

लोखंडी बंपरचा विचार सोडून दे. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना अशा बुलबारवर कारवाई करण्यास सांगितले होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील मूळ तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तसेच बजावले आहे. म्हणून टायर आणि उचल यांबाबत काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारून घे. विंचही बंपरशिवाय नीट बसत नाही, आणि त्याचे वजन नेमके पुढच्या स्प्रिंगांवर येते. चेसिसला पक्के बसलेले ओढहूक आणि एक चांगला पट्टा असला, आणि सोबत दुसरी गाडी असली, की आपले काम भागते.

आणखी एक. फोर बाय फोरची कळ कोरड्या डांबरावर किंवा जिनिंगच्या काँक्रीटच्या अंगणात फिरवू नकोस. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि तुझ्या गाडीत तो फरक सोसणारे मधले डिफरन्शियल नाही. चाके अडखळत घासतात आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसवर पीळ बसतो.

दिवाळीनंतर गाडी घेऊन इकडे ये. टायर घेण्याआधी आलास तर येथील मिस्त्रीकडे खालचे पाटे, बुशा आणि चेसिसचा गंज बघून घेऊ. जुन्या गाडीत आधी तेथेच पैसा लागण्याची शक्यता आहे. काकाजींना आणि काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रभाकर