‘शुगर’ नसली तरी बिनसाखरेचा चहा मिळावा

महोदय,

गेल्या रविवारी एका साखरपुड्याला गेलो होतो. चहाचा ट्रे पुढे आला तेव्हा मुलाला हळूच विचारलं, ‘‘बिनसाखरेचा आहे का रे?’’ शेजारी बसलेल्या मुलीच्या मामांनी ते ऐकलं. ‘‘कधीपासून आहे तुम्हाला शुगर?’’ मी नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. ‘‘मग घ्या की! एवढ्यानं काय होतंय?’’ वर माझ्या ताटलीत आणखी एक जिलेबी आली.

मला मधुमेह नाही, पण गेले चार महिने साखर कमी करतोय. आपल्याकडे मात्र साखर नको म्हणायचं तर आधी खिशात रिपोर्ट हवा.

याला सुरुवात झाली वाण्याच्या यादीवरून. घरात माणसं चार आणि महिन्याला साखर पाच किलो. हिशेब केला, तर माणशी दिवसाला चाळीस ग्रॅमच्या वर गेली. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची शिफारस अशी, की अशी साखर रोजच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्याही आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. बिस्किटं, सॉस आणि टपरीवरचा चहा तर आमच्या हिशेबात धरलेलाच नव्हता. मग डब्यातला चमचा वजनकाट्यावर ठेवला. सपाट भरला तर पाच ग्रॅम, शिगोशीग भरला तर आठ. आमच्याकडे आजवर कुणी सपाट चमचा भरल्याचं मला तरी आठवत नाही.

बायकोनं मुकाट्यानं तो चमचा काढून मुलाच्या औषधाचा जुना चमचा डब्यात टाकला. पंधरा दिवस चहा पांचट लागला. आता बाहेरचा चहा पाकासारखा लागतो.

मधे गुळाचा चहा करून पाहिला. हल्ली त्याच्या पाट्या चौकाचौकात दिसतात. मी उसाच्या पट्ट्यातला, गुऱ्हाळावर बोटानं काकवी चाटत वाढलेला, त्यामुळे गुळाला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण तोही त्याच रसाचा आणि त्यातही बहुतेक भाग सुक्रोजच. चव वेगळी, हिशेब साखरेचाच. मधाचंही तेच.

घरातली साखर आपल्या हातात असते. टपरीवर, कँटीनमध्ये, मंगल कार्यालयात मात्र ती पातेल्यातच पडलेली असते, तिथे कमी करणार कशी? सीबीएसईने २०२५मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे कशात किती साखर असते ते मुलांना सांगणारे फलक, लावायला सांगितले, ते चांगलंच झालं. मोठ्यांसाठी एवढंच करा, चहा बिनसाखरेचा उकळा आणि शेजारी साखरेची वाटी ठेवा. ज्याला हवी तो घालून घेईल. त्या दिवशी केटरिंगवाल्याला हे सुचवलं तर तो वैतागला, ‘‘काका, दोन-दोन पातेली कुठं ठेवू?’’

अरे, दोन कशाला? एकच ठेव, बिनसाखरेचं.

– एक वाचक, कराड