मन्या, रो हाऊस घेऊ का?

प्रिय मन्या,

काकूंच्या वर्षश्राद्धाला आलो नाही, आणि तू त्यावर एक शब्द बोलला नाहीस तेव्हाच कळलं की तुला लागलंय, कारण तू शिव्या घालतोस तेव्हा काही नसतं. ऑडिट चालू होतं हे खरं, पण रविवारी कुठलं आलंय ऑडिट. तर माफ कर, एवढंच. माझी शुगर आहे तशीच आहे, आई मध्ये पडली होती, मनगट मुरगळलं, आता बरी आहे. व्हॉइस नोट पाठवणार होतो पण तू माझ्या नोट दीडच्या स्पीडने ऐकतोस हे वृषालीला तुझ्या बायकोनेच सांगितलंय, म्हणून लिहितोय, हे तरी दीडच्या स्पीडने वाचू नको.

झालं असं की आम्ही इथे नाशकातच घर बघतोय. "मी २०१४ पासून सांगत होतो" हे तुझं वाक्य एकदाच म्हणून घे आणि पुढे वाच.

गेल्या रविवारी पाथर्डी फाट्याजवळ एक रो हाऊस बघायला गेलो. ओळीत ८ घरं, रेडी, कम्प्लिशन सर्टिफिकेट आलेलं, मधलं रिकामं आहे. एजंट म्हणजे पोरगाच होता, शर्ट खोचलेला, दर दोन वाक्यांनी "कुंभमेळ्याआधी घ्या सर, नंतर रेट हाताला लागणार नाही" म्हणत होता. वृषाली किचनचा ओटा मोजत होती, तो तिला चिमणीचा पॉइंट दाखवत होता, आणि मी हॉलमध्ये नुसता उभा होतो. आणि मन्या, मला कळलंच नाही, माझा हात आपोआप भिंतीवर गेला आणि मी तीन वेळा वाजवलं. टक टक टक.

पलीकडून दोनदा आलं.

आईशप्पथ. दोनदा. म्हणजे तुमच्या-आमच्या घरांमधल्या भिंतीवरची आपली जुनी खूण, "आत्ता नाही, नाना घरात आहेत." माझ्या अंगावर काटा आला, ४९ वर्षांचा माणूस मी, डोळ्यात पाणी यायची वेळ. बाहेर जाऊन बघितलं तर शेजारच्या घरात एक फरशीवाला स्कर्टिंग ठोकत बसला होता. पण तोवर घोळ झाला होता, कारण एजंटला वाटलं मी भिंतीची टेस्ट घेतोय, तो लगेच "सहा इंची ब्लॉक आहे सर, आवाज अजिबात येत नाही," आणि बरोब्बर त्याच वेळी पलीकडचा फरशीवाला खोकला. वृषालीने तिथेच फुली मारली. म्हणे शेजाऱ्याचा खोकला ऐकायला एवढे पैसे घालायचे का. आणि मला तेच घर हवंय, त्याच भिंतीपायी हवंय, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? तुलाच सांगू शकतो.

आता हिशोब ऐक, कारण तू हिशोबाशिवाय काही ऐकत नाहीस. तीन ऑप्शन आहेत. एक म्हणजे वृषालीचा फ्लॅट, गोविंदनगरला, सातवा मजला, थ्री बीएचके, ७४ लाख. ब्रोशरवर १२४० स्क्वेअर फूट छापलंय, रेराचा कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, विचारला तर ८८०. म्हणजे मधले ३६० फूट जिना, लॉबी, लिफ्ट आणि बिल्डरची कल्पनाशक्ती. आणि काम अजून चालू आहे, म्हणजे वर ५ टक्के जीएसटी, ३ लाख ७० हजार तिथेच गेले. वर मेंटेनन्स महिन्याला ३२०० म्हणतायत, स्विमिंग पूल आहे म्हणून. आमच्या घरात पोहता कोणालाच येत नाही, तुला आठवतंय ना गंगेवर, आपल्या गोदावरीवर, काय झालं होतं ते.

रो हाऊस ८२ लाख. रेडी असल्यामुळे जीएसटी नाही, त्यामुळे फरक दिसतो ८ लाखाचा पण खरा निघतो सव्वाचार लाखाचा, हे वृषालीला दोनदा लिहून दाखवलं. तीन मजले मिळून कार्पेट १३१०. पण मी रात्री बसून त्यातून जिना वजा केला, प्रत्येक मजल्यावर तो साठ-सत्तर फूट खातोच, तर राहिले ११२० च्या आसपास. तरी फ्लॅटपेक्षा २४० फूट जास्त, म्हणजे दोन खोल्या. वर गच्ची आपली, आणि गच्चीवरून पांडवलेणीचा डोंगर समोर दिसतो, अगदी समोर, आपण जिथून पिंट्याला ढकलला होता तो दगडसुद्धा दिसत असेल. (मी नाही ढकललं. तू ढकललंस. यावर मी अजून ठाम आहे.)

तिसरा म्हणजे प्लॉट, मखमलाबादकडे, २ गुंठे, एनए म्हणजे बिगरशेती झालेला, ४८ लाख. हे ताईच्या मिस्टरांचं डोकं. जमीन वाढते, स्लॅब झिजतो, असं ते पन्नासदा म्हणाले आणि ते खोटं नाहीये, फ्लॅटमध्ये आपल्या वाट्याला जमीन येते ती कागदावर, रुमाल टाकावा एवढी. रो हाऊसखाली निदान ७२० फूट आहे, म्हणजे पाऊण गुंठाही नाही, पण आहे. आणि प्लॉट म्हणजे चारी बाजूंनी आपलं. पण बांधणार कोण? कॉन्ट्रॅक्टर २००० रुपये फूट म्हणतो म्हणजे २४०० धरायचे, १४०० फूट बांधलं तरी साडेतेहेतीस लाख, मग कंपाउंड, बोअर, नकाशा मंजुरी, पंच्याऐंशीच्या खाली काही येत नाही. आणि दीड-दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी सिमेंटच्या गोण्या मोजत उभं राहायचं. आमच्या वडिलांनी, दादांनी, वरचा मजला चढवला तेव्हा त्यांचं काय झालं होतं ते तू बघितलंयस, सेंटरिंगवाला पळाला तेव्हा रात्री ओट्यावर बसून रडले होते. आपण दोघं जिन्याखाली होतो. मला प्लॉट नको.

पैसे कुठून हे विचारशील. सिडकोचं घर विकायचं, ४० लाखापर्यंत जाईल म्हणतात, लीजचं असल्यामुळे सिडकोची एनओसी, ट्रान्सफरचे पैसे, ताईचं हक्कसोडपत्र वगैरे लचांड आहेच, आणि उरलेल्याला लोन. चाळीस लाखाला २० वर्षं साडेआठ टक्क्यांनी पस्तीस हजाराच्या आसपास हप्ता बसतो. माझ्या रिटायरमेंटच्या पुढे आठ-नऊ वर्षं जातो तो, बँकवाला म्हणतो मुलाला को-ॲप्लिकंट करा. मुलगा बारावीत आहे. एका महिला क्लायंटने सांगितलं नुसतं बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट, मी हे घरी बोललो आणि तेव्हापासून वृषाली "माझं घर" असा शब्द वापरते.

पण खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही. वर आई पडली म्हणून एका ओळीत उरकलं ना, ते तसं नाहीये.

पहाटे साडेचारला पडली, बाथरूममध्ये. आम्ही सगळे वरच्या मजल्यावर, एसी चालू, दार लावलेलं. तिने हाका मारल्या, आम्हाला ऐकू आलं नाही. मन्या, ती बसल्या बसल्या तांब्या घेऊन भिंतीवर वाजवत राहिली. तुमच्या भिंतीवर. नानांनी २००९ ला घर विकलं ते मग दोन हातांतून फिरलं, आता तिथे अंबडच्या कंपनीत जाणारी तीन पोरं भाड्याने राहतात, चोपड्याकडची. आईचं त्यांच्याशी अहिराणीत चालतं, भाकरी काय, ठेचा काय, मला कधी एवढा दिला नाही. त्यातला एक नाईट करून आलेला, जागा होता. त्याने मागच्या पडवीवरून उडी मारली, दार उघडलं, आईला उचलून खुर्चीत बसवलं आणि मग आम्हाला फोन केला. मी खाली आलो तेव्हा ती चहा पीत होती. मला बघून म्हणाली, "काय व्हयनं रे, काय एवढा घाबरायना?"

मी तिचा मुलगा, अठरा पायऱ्या वर झोपलेलो. आणि भिंतीपलीकडचा भाडेकरू दोन मिनिटांत हजर.

तेव्हापासून डोक्यात हेच. आणि म्हणून हिशोब कितीही केला तरी गाडी त्याच जागी अडकते की आई झोपणार कुठे. त्या रो हाऊसला खाली पार्किंग, हॉल, किचन आणि एक टॉयलेट, बस. बेडरूम सगळ्या वर. १५ फूट रुंदीत आणखी काय बसणार म्हणा. एजंट म्हणतो पार्किंगला शटर लावून खोली करा सर, सगळेच करतात. करतात हे खरंच आहे, सिडकोत आपण सगळ्यांनी तेच केलं, दोन खोल्यांच्या घराला लोकांनी तीन मजले आणि खाली किराणा दुकान केलं. पण वकिलाला विचारलं तर तो म्हणाला आठ जणांची जमीन एकत्र आहे, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, उद्या एकाने तक्रार केली की पाडायला लावतील, आणि वर मजला चढवायचा झाला तरी आठ जणांच्या सह्या. म्हणजे मन्या, पुन्हा तेच. सहा इंच छज्जा आणि दोन वर्षं अबोला. नानांच्या छज्ज्याचं पाणी आमच्या ओट्यावर पडायचं त्यावरून दादा कोर्टात जायला निघाले होते, आणि आत आपण दोघं भिंत वाजवत होतो. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. काकूंना माहिती होतं असं मला वाटतं, त्या बरोबर तेव्हाच कुकर लावायच्या.

फ्लॅटमध्ये आईची खोली आमच्या खोलीला लागून, एकाच मजल्यावर, कण्हली तरी ऐकू येईल, हा वृषालीचा मुद्दा आहे आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. लिफ्ट आहे, जनरेटर आहे, गुडघ्यांना पायरी नाही. मी हे सगळं मान्य करतो. पण सातव्या मजल्यावर ती दिवसभर करेल काय? खाली ओटा नाही, भाजीवाल्याला थांबवून पाच रुपयांसाठी भांडायचं नाही, चोपड्याची पोरं नाहीत. तुझ्या वाकडच्या बाविसाव्या मजल्यावर नाना कसे बसलेले असायचे गॅलरीत, ते मी बघितलंय. तुला टोचायला नाही लिहीत. तेव्हा तुझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता, काकूंचं डायलिसिस होतं. पण मला म्हणाले होते एकदा, "सच्या, इथं खाली कोण मेलं तरी वर कळत नाही."

आईला विचारलं. सरळ विचारलं, ताईसमोर. तिचं उत्तर, "माले कोठेच नही जानं." मग म्हटलं, तू खाली एकटी झोपतेस ते कसं चालेल, तर म्हणाली मग तुम्ही खाली झोपा. आणि यात काही चूक आहे का सांग? चौथा ऑप्शन हाच, सिडकोतच राहायचं, खालच्या बाथरूमला दांडे लावायचे, मी हॉलमध्ये गादी टाकायची, हप्ता नाही की काही नाही. पण खाली एकच खोली आहे, मुलगी दहावीला जाणार, मुलगा पुस्तकं घेऊन जिन्यात बसतो, गल्लीत गाडी लावायला रोज भांडण. वृषालीने या घरात २१ वर्षं काढलीत, तिला स्वतःचं किचन पाहिजे. तिला नाही म्हणायचं तोंड मला नाही.

मी रात्री झोपत नाही हल्ली, कागदावर चौकोन काढत बसतो. एक आयडिया आलीये, हसू नको. रो हाऊसचं किचन पहिल्या मजल्यावर न्यायचं, आणि खालच्या किचनची आईची खोली करायची, टॉयलेट शेजारीच आहे. शटर नको, सह्या नको, आतल्या आत काम. त्या खोलीची एक भिंत सामाईक आहे, पलीकडे शेजाऱ्याचं किचन येतं. पण पाण्याची लाइन वर न्यायची, ड्रेनेजचा उतार मिळतो का ते बघायचं, आणि वृषाली वरून खाली वाढायला उतरणार का चढणार हा प्रश्न आहेच. तू सिव्हिलवाला, जरी हल्ली नुसत्या मीटिंगा करत असलास तरी. उतार किती लागतो, मधला स्लॅब कुठे फोडता येतो, हे बघून सांग. पलीकडे कोण राहायला येणार ते मात्र कोणालाच माहीत नाही, एजंट म्हणतो "फॅमिली आहे सर, चांगली आहे," त्याला सगळ्याच फॅमिली चांगल्या.

१५ तारखेपर्यंत टोकन द्यायचंय नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे म्हणतात, ती दुसरी पार्टी कधी नसतेच हे मला कळतं. तरी त्याच्या आधीच्या रविवारी ये. सकाळी मिसळ खाऊ आणि मग जाऊ. येताना टेप आणू नको, माझ्याकडे नानांचा आहे. हो, आहे. छज्जा मोजायला दादांनी तुमच्याकडूनच मागून आणला होता आणि मग अबोला झाल्यावर परत द्यायचा कसा म्हणून राहिला, ३० वर्षं तू मला चोर म्हणतोयस आणि ३० वर्षं मी नाही म्हणतोय, तर घे, कबूल. दादांच्या ट्रंकेत सापडला. पहिले चार इंच पुसले गेलेत, पाचपासून मोजायला लागतं.

रियाचा सीईटीचा निकाल काय लागला? तुझ्या पाठीचं काय, बेल्ट लावतोस का नुसता गाडीत ठेवलायस? वहिनींची बदली रद्द झाली असं ऐकलं, बरं झालं.

फोन करायचा तर दहानंतर कर, मी ओट्यावर असतो.

तुझा,
सच्या

ता.क. आईला सांगितलं मन्या येतोय. लगेच विचारलं, कळण्याची भाकर खातो का अजून का पुण्याला जाऊन सोडली.