पहिल्याच नोकरीला अनुभवाची अट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नर्सच्या जागा भरण्याची जाहिरात आणि तिच्याखाली ‘किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ ही ओळ, अशी जोडीच ठरून गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगभर सुमारे ५९ लाख नर्सची कमतरता नोंदवली होती. तरीही नुकतीच नोंदणी झालेल्या मुलामुलींना पहिली नोकरी मिळता मिळत नाही. रुग्णालयांना नर्स हवी असते ती तयार. तिला तयार करण्याचे काम दुसऱ्या कुणी तरी केलेले असावे, अशी प्रत्येकाची अपेक्षा.

यामागे हिशेब आहे. नवी नर्स जनरल वॉर्डात एकटीने पेशंट सांभाळू लागेपर्यंत साधारण ८ ते १२ आठवडे जातात, आयसीयूत त्याहून जास्त. तेवढे दिवस पगार तिचा आणि तिला शिकवणाऱ्या सिस्टरचा, असा दोघींचा; पेशंट मात्र एकीच्या वाटणीचे. वर्षाच्या आत ती सोडून गेली तर शिकवणाऱ्या सिस्टरचे कष्टही वाया. ही अडचण खरी आहे. पण नव्या मुली सोडून का जातात, हेही बघायला हवे. ओरिएंटेशन, म्हणजे नव्या नर्सचे सुरुवातीचे प्रशिक्षण, कागदावर सहा आठवड्यांचे असते; दुसऱ्याच आठवड्यात कुणी तरी रजेवर जाते आणि शिकणारी नर्स शिफ्टच्या संख्येत, म्हणजे पूर्ण काम करणारी नर्स म्हणून, धरली जाते. मग रात्रपाळीला ती एकटी आणि समोर भरलेला वॉर्ड. औषधाची चूक अशाच रात्री होते.

अमेरिकेतील परिचर्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या तयारीच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यातली तिसरी, म्हणजे ‘सक्षम’ नर्सची पायरी, एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे काढल्यावर येते. जाहिरातीत मागतात ती हीच. मग पहिल्या दोन पायऱ्या कुणाच्या वॉर्डात चढायच्या?

म्हणून रुग्णालयांनी नवोदितांच्या जागा वेगळ्या काढाव्यात आणि जाहिरातीत तसे स्पष्ट लिहावे. नोंदणीचे कागद हाती येतात त्या सुमारास एकेक तुकडी घ्यावी. प्रत्येकीला एकच ठरलेली सिस्टर द्यावी आणि तेवढ्या काळापुरते त्या सिस्टरकडचे पेशंट कमी करावेत. नवीन नर्सकडे आधी एक-दोन पेशंट, मग दर आठवड्याला थोडे अधिक. काहीही झाले तरी ठरलेली मुदत संपेपर्यंत तिला संख्येत धरू नये. बाकी सगळे करून एवढे चुकले, तर केलेले फुकट जाते.

नवोदितांनी अर्जात ‘पेशंट केअर केली’ एवढेच लिहू नये. त्यातून मेट्रनला, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेला, काहीच कळत नाही. ‘सर्जिकल वॉर्ड, ३० खाटा, ६ आठवडे; एका शिफ्टला ४ पेशंट; कॅथेटर, ड्रेसिंग, रक्त चढवताना निरीक्षण’ असे लिहावे. हे आकडे शिकताना केलेल्या कामांच्या नोंदवहीत, प्रोसिजर बुकात, असतातच, तिथून उतरवून घ्यावेत. बीएलएसचे (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे जीव वाचवण्याच्या तातडीच्या उपायांचे) प्रमाणपत्र मुदतीतले असावे. फक्त आयसीयूचा हट्ट धरू नये. मेडिकल-सर्जिकल वॉर्ड, डायलिसिस, वृद्धांचे शुश्रूषा केंद्र, पुनर्वसन केंद्र इथेही हात चांगला बसतो.

मुलाखतीत हमखास एखादा प्रसंग देतात: पेशंटचे बीपी घसरतेय, डॉक्टरांना फोनवर काय सांगाल? ‘डॉक्टर, पेशंट बरा वाटत नाही’ हे उत्तर पुरत नाही. आधी आपले नाव आणि वॉर्ड, मग: ‘बेड ७, तासाभरात बीपी १३० वरून ९० वर आलेय. पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. नाडी १२०, दोन तासांत लघवी ३० मिली, ड्रेसिंग रक्ताने ओले. आतून रक्तस्राव होत असावा. लगेच येऊन बघा. तोवर सलाईन कुठले आणि किती वेगाने लावू?’ आत्ता काय झाले, आधीचे काय, मला काय वाटते, तुमच्याकडून काय हवे, हा क्रम तोंडात बसेपर्यंत मोठ्याने म्हणून बघावा.

नोकरीची वाट बघण्यात महिने गेले की हात विसरतात. सीपीआरचे (हृदय बंद पडल्यास छाती दाबून व श्वास देऊन जीव वाचवण्याचे) कौशल्य सराव नसेल तर तीन ते सहा महिन्यांतच उतरू लागते. कॉलेजांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांना कौशल्य प्रयोगशाळा महिन्यातून एक दिवस उघडून दिली, तर खर्च जवळजवळ काहीच नाही.

आणि नोकरी मिळण्याच्या आनंदात सही करण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: ओरिएंटेशन किती आठवडे, शिकवणार कोण, पहिली रात्रपाळी कधी, एका शिफ्टला पेशंट किती. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर मुदत आणि मध्येच सोडल्यास भरायची रक्कम लेखी घ्यावी. मूळ प्रमाणपत्रे दाखवून परत घ्यायची असतात. रुग्णालयात ठेवायला फक्त साक्षांकित प्रती द्याव्यात.

आपली,
एक परिचर्या शिक्षिका