काका, इंजिन सुरू झालं आणि टिकलं, त्याबद्दल

काका, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, ऑइल किती गरम होतंय ते सांग" म्हणून विषयच बदलता, म्हणून हे सगळं लिहून काढतोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण बीटलच्या इंजिनावरची माझी बग्गी बघून जो तो मला शाबासकी देतो आणि तिच्यातला मोठा वाटा तुमचा आहे, हे मला एकट्याला माहीत असून उपयोग नाही.

पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्याकडे फोक्सवॅगन बीटलचं 1600 सीसीचं जुनं इंजिन होतं, 90.5 मिलिमीटरचे पिस्टन-बॅरल (बॅरल म्हणजे सिलिंडरची नळी) घेऊन ठेवले होते म्हणजे 1776 सीसी होणार होतं, एक टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) होता, आणि डोक्यात फक्त किती बूस्ट (त्या हवेचा वाढीव दाब) आणि किती हॉर्सपॉवर एवढंच होतं. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "एवढी उष्णता जाणार कुठे?" मला उत्तर आलं नाही. मग तुम्ही समजावलंत की अर्धा बार बूस्ट म्हणजे सिलिंडरमध्ये जवळजवळ दीडपट हवा, म्हणजे पेट्रोलही दीडपट, म्हणजे आगही तेवढीच जास्त, पण पंखा तोच, बॅरलवरच्या फिन्स (उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या) त्याच, आणि रेडिएटर तर नाहीच, जे काही बाहेर काढायचं ते हवेने आणि ऑइलने. त्या दिवसापासून मी प्रत्येक पार्ट हातात घेतला की आधी हाच प्रश्न विचारतो.

तुम्ही मला घाबरवलं नाहीत हेही सांगायला हवं. एअरकूल्डवर टर्बो म्हटलं की बरेच जण सरळ मोडीत काढतात. तुम्ही मात्र कॉर्वेअरचं सांगितलंत, 1962 सालीच शेवरोलेने हवेवर थंड होणाऱ्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर टर्बो लावून गाडी विकायला काढली होती, आणि 1975 च्या पोर्शे 911 टर्बोचं सांगितलंत, तीन लिटर, 260 हॉर्सपॉवर, आणि कम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना हवा-पेट्रोल जितकं पट दाबलं जातं ते, फक्त 6.5. हा शेवटचा आकडा तुम्ही दोनदा म्हणालात. मला तेव्हा त्याचं महत्त्व कळलं नव्हतं, ते कळलं त्या रात्री ज्या रात्री मी हेड (सिलिंडरवरचं झाकण) बसवायला निघालो होतो.

ती रात्र मी विसरणार नाही. बॅरल चढवून झाले होते, हेड पुसून ठेवली होती, टॉर्क रेंच हातात होता. तुम्ही म्हणालात "मोजलंस का?" आणि मी म्हणालो की हेड देणाऱ्याने सांगितलंय कम्प्रेशन बरोबर आहे. तुम्ही काही न बोलता पिशवीतून एक इंजेक्शनची सिरिंज आणि भोक पाडलेला ॲक्रिलिकचा तुकडा काढलात. हेड उलटं ठेवलं, वॉल्व्ह आणि प्लग जागेवर, चेंबरच्या (हेडमधल्या पेट्रोल जळायच्या खोलगट जागेच्या) कडेला ग्रीसचा पातळ हात, त्यावर ॲक्रिलिक दाबून बसवलं, आणि भोकातून पातळ ऑइल सोडायला लागलात, दहा, वीस, तीस, शेवटचा बुडबुडा भोकाखाली येईपर्यंत बोटाने हेड किंचित तिरपं करत. बरोबर 50 सीसी. मग पिस्टन वर आणून बॅरलच्या कडेपासून किती खाली राहतो ते मोजलं, 1.25 मिलिमीटर. कागदावर तुम्ही गणित मांडलंत, एका सिलिंडरचे 444 सीसी, वर उरलेली जागा 58, म्हणजे कम्प्रेशन 8.65. साध्या इंजिनाला हे चाललं असतं, पण वरून अर्धा बार दाबायचा तर नाही. त्या कम्प्रेशनवर बूस्ट आला की पेट्रोल आपल्या वेळेआधीच भडकणार, इंजिन ठोकणार, आणि पंख्याच्या आवाजात ते ठोकणं ऐकूसुद्धा येणार नाही, ऐकू येईपर्यंत पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटलेली असेल. हे तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत आणि मी बॅरल परत उतरवले.

खरं सांगतो, त्या क्षणी मला फार वाईट वाटलं होतं. महिने गेले होते त्या कामात. पण तुम्ही माझ्याबरोबर थांबलात, घरी गेला नाहीत. पुढच्या आठवड्यांत चेंबर मोकळं करून 58 सीसी झालं, चारही एकसारखी, बॅरलखाली पाव मिलिमीटरची शिम (पातळ चकती) गेली, आणि कम्प्रेशन 7.56 वर आलं. इंजिन उघडलेलंच होतं म्हणून तुम्ही रिंगांची गॅपसुद्धा परत बघायला लावलीत आणि अर्धा मिलिमीटर ठेवलीत, कारण गरम झालेली रिंग फुगून तिची टोकं भिडली तर ती बॅरल ओरबाडते. हेडच्या स्टडचे दोन आटे गेलेले तेव्हाच सापडले, तिथे स्टीलच्या बुश घातल्या. स्टड ज्यात बसतात ती इंजिनाची केस मॅग्नेशियमची आहे, ती बूस्टखाली किती दिवस धरून राहिली असती कोण जाणे.

मग ते पत्रे. बॅरलच्या खाली बसणारे दोन छोटे वाकडे पत्रे मी खोक्यात टाकून दिले होते, बग्गीचं इंजिन उघडं असतं, चकाचक दिसावं म्हणून मी कमीत कमी पत्रे ठेवणार होतो. तुम्ही ते खोकं उपसलंत, पत्रे शोधून काढलेत आणि पुशरॉडच्या नळ्या बसवायच्या आधी स्वतःच्या हाताने जागेवर लावलेत. पंख्याची हवा वरून येते आणि मिळेल त्या सोप्या वाटेने निघून जाते, हे पत्रे तिला बॅरलच्या खालच्या बाजूपर्यंत वळवून नेतात, हे मला तोपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. मागचा पत्राही तुम्ही सोडू दिला नाहीत, कारण खाली टर्बो लाल होत असताना त्याचीच गरम हवा पंख्याने परत ओढून घेतली तर सगळं मुसळ केरात. ज्यांच्या बग्गीला हे पत्रे नाहीत त्यांनी आज शोधायला लागा, एवढंच मी माझ्याकडून सांगतो.

कार्बोरेटरचं काम त्या मानाने लवकर झालं. टर्बो कार्बोरेटरमध्ये हवा ढकलणार, म्हणून पेट्रोलचं प्रेशरही बूस्टबरोबर तेवढंच चढवणारा रेग्युलेटर लावला, आणि फुल ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी जास्तीत जास्त किती आधी पडते ते, 28 अंशांवरून 21 वर आणला. इंटरकूलरला (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीला) मी आधी नाही म्हणत होतो. पण तीस अंशांची हवा अर्धा बार दाबली की ती ऐंशीच्या पुढे जाते हे तुम्ही गणिताने दाखवलंत, आणि पोर्शेनेसुद्धा 1978 ला इंटरकूलर घातला म्हणालात, मग काय बोलणार.

आणि निळा धूर! इंजिन सुरू झालं त्या दिवशी आपण दोघंही काही बोललो नव्हतो, नुसतं ऐकत उभे होतो. पण चौथ्या-पाचव्या दिवशी सिग्नलला उभं राहिलं की मागून निळा धूर यायला लागला आणि मी रडकुंडीला आलो, टर्बोचं सील गेलं असं धरून चाललो आणि तो खोलायला निघालो. रात्री उशिरा तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत, धूर उभं असताना येतो की पळताना? उभं असताना. मग टर्बोला हात लावू नकोस, ऑइल परत कुठे जातंय ते बघ. बघितलं तर टर्बो एवढा खाली लटकलेला की परतीच्या नळीला उतारच नव्हता, ऑइल टर्बोतच तुंबत होतं आणि सीलमधून सायलेन्सरमध्ये उतरत होतं. सील चांगलंच होतं. ऑइल ओढून परत केसमध्ये टाकणारा वेगळा छोटा पंप लावला आणि धूर थांबला, तो आजतागायत आला नाही. एका प्रश्नात तुम्ही माझा चांगला टर्बो वाचवलात काका.

तुम्ही यातलं काहीच माझ्या हातातून काढून घेऊन केलं नाहीत. ते दोन पत्रे सोडले तर प्रत्येक नट मीच आवळला, तुम्ही शेजारी स्टुलावर बसून फक्त "परत मोज" म्हणायचात. आज मला इंजिनातला प्रत्येक आकडा पाठ आहे, तो त्यामुळेच.

आता 2000 किलोमीटर झाले. ऑइल दोनदा बदललं, गाळणीत काही सापडलं नाही. वॉल्व्हची फट थंड इंजिनावर 0.15 मिलिमीटरला लावलीय, हललेली नाही. बूस्ट अजून अर्ध्या बारवरच आहे, वाढवलेला नाही, तुम्ही हो म्हणेपर्यंत वाढवणारही नाही. रविवारी येतोय, चारही प्लग काढून आणतोय. तीन नंबरचा वेगळ्या कागदात गुंडाळलाय, आधी तोच बघा.