काकूंची गोळी आणि कवटीचं हाड

प्रिय सुनंदा,

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून राहिलेलं लिहूनच काढते. काकूंच्या मेंदूवरची रक्ताची गाठ निघाली, कापलेलं हाड परत जागेवर बसवून टायटॅनियमच्या पट्ट्यांनी पक्कं केलं, हे ऐकून जिवात जीव आला. आता तुला धास्ती आहे ती त्यांच्या दर आठवड्याच्या ॲलेन्ड्रोनेटची. हाडाची झीज थांबवणारी गोळी हाड जुळूही देणार नाही का?

शंका रास्त आहे. हाड जुळताना जुनं खाणाऱ्या पेशी आणि नवं रचणाऱ्या पेशी एकमेकींच्या मागोमाग काम करतात. ही गोळी खाणाऱ्या पेशींना लुळं करते. नवं हाड तरीही धरतं, पण कच्च्याचं पक्कं व्हायला वेळ लागतो. उंदरांच्या कवटीला भोक पाडून पुष्कळ प्रयोग झालेत. निकाल औषधाच्या मात्रेप्रमाणे बदलतात, पण 'या औषधाने कवटी भरतच नाही' असं त्यांतून निघत नाही. माणसांचं म्हणशील, तर खुब्याच्या फ्रॅक्चरच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत याच जातीचं झोलेड्रोनेट दिलेल्यांचा मोठा अभ्यास २००७ साली आला. त्यात हाड जुळायला उशीर झाल्याचं दिसलं नाही. खुबा म्हणजे कवटी नव्हे, हे मात्र खरं.

कवटीची रीतच वेगळी गं. हातापायाचं हाड मोडलं की भोवती कूर्चेची गाठ धरते, मग तिचं हाड होतं. कवटी हलत नाही, तिच्यावर भार नाही. तिथे कडेकडेने, हळूहळू हाड भरतं. मोठ्या माणसाच्या कवटीतली साधी चीरसुद्धा महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं एक्स-रेत दिसते. तेव्हा पुढच्या स्कॅनमध्ये फट दिसली तर लगेच गोळीला दोष देऊ नकोस.

या गोळ्यांनी जबड्याचं हाड मरू शकतं असं तू वाचलंस ते खरं आहे, २००३ पासून तशा केसेस नोंदल्या गेल्यात. पण तिथे दात, चावणं, तोंडातले जंतू. झीजेसाठीच्या मात्रेत ते विरळाच. दात काढायची वेळ आली तर मात्र आधी सांग.

स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नकोस. ती हाडात वर्षानुवर्षं मुरलेली असते, आज थांबवून जखमेला फायदा नाही. (हाडाच्या झिजेसाठीच दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन असतं तर मी आणखी कळवळून सांगितलं असतं, ते चुकलं की मणके मोडू शकतात.)

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना उद्याच विचार. ही गोळी घेतल्यावर अर्धा तास आडवं होता येत नाही, अन्ननलिका भाजते. काकूंना अजून तेवढं बसवतं का?

तुझी,
मीना